दोन खांब

गेली दोन-तीन वर्षं आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कुठलं असेल, तर ते म्हणजे "काय म्हणाला तो?" हे वाक्य मी म्हणायचो. टीव्हीवरचा नायक नायिकेला अत्यंत नाजूक काहीतरी सांगत असायचा, तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींच्याही डोळ्यांत यायचं, आणि नेमक्या त्याच क्षणी मी विचारायचो, "काय म्हणाला तो?" मग तिला आपलं रडणं अर्धवट सोडून मला मराठीचं मराठीत भाषांतर करून सांगावं लागायचं. भाषांतर संपेपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असायची. पुन्हा "काय म्हणाली ती?"

यामागची कारणं मी शोधून ठेवली होती. पहिलं कारण, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. दुसरं, आमची ही सुद्धा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. याला पुरावाही होता. एकदा सकाळी ती म्हणाली, "अहो, शेव संपलीय, आज बघा जरा." मला ऐकू आलं, "ठेव संपलीय." मी पासबुक घेऊन बँकेत गेलो, पाऊण तास रांगेत उभा राहिलो आणि ठेवीची मुदत संपायला अजून चौदा महिने आहेत अशी आनंदाची बातमी घेऊन घरी आलो. ती म्हणाली, "बरं झालं. पण शेव?" आता एखाद्या बाईला 'श' नीट म्हणता येत नसेल, तर त्यात नवऱ्याचा काय दोष?

तिसरं कारण मात्र शास्त्रीय होतं आणि ते आमच्या पुतण्यानं सांगितलं. "काका, तुमचा टीव्ही पापडासारखा पातळ आहे. त्यात स्पीकरला जागा कुठाय? ते बोटभर लांबीचे, आणि त्यांची तोंडं खाली नाहीतर मागे. म्हणजे आवाज आधी भिंतीला भेटायला जातो, मग उरलासुरला तुमच्याकडे येतो. तुम्ही चांगले स्पीकर घ्या."

माणसाला जे ऐकायचं असतं ते सांगणारा पुतण्या फार गुणी असतो. माझ्या मनात ही इच्छा तशी १९७५ पासूनची. त्या वर्षी लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात मी 'शोले' पाहिला. सत्तर एमएमचा पडदा आणि चहूबाजूंनी येणारा आवाज. त्यात अमिताभ नाणं उडवतो, तेव्हा ते नाणं खणखणत असं काही पडलं, की माझ्या शेजारचे गृहस्थ खरोखरच वाकून खुर्चीखाली बघायला लागले. त्यांना बघून मीही बघितलं. त्या दिवशी मी ठरवलं, की कधीतरी आपल्या घरात असा आवाज पाहिजे. मध्यंतरी नोकरी, लग्न, घराचे हप्ते आणि दोन मुलींची शिक्षणं एवढ्या किरकोळ अडचणी आल्यामुळे पन्नासेक वर्षं गेली, इतकंच.

"फ्लोअर-स्टँडिंग घ्या," पुतण्या म्हणाला. म्हणजे जमिनीवर उभे राहणारे. साडेतीन फूट उंच, दोन, टीव्हीच्या दोन्ही अंगांना. मी हिला सांगितलं. तिनं हॉलकडे एकदा नजर फिरवली. आमचा हॉल चौदा फूट बाय अकरा. त्यात दिवाण, शोकेस, दोन खुर्च्या, मुलीनं दिलेला रबराच्या झाडाचा पिंप आणि गणपतीत दहा दिवस गणपती. "इथे साडेतीन फुटी कोण उभं राहणार?" ती म्हणाली. "जय आणि विजय?"

बातमी जिन्यावरून वर गेली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते खास खाली आले आणि म्हणाले, "तुम्ही डॉल्बी आणताय म्हणे?"

इथे जरा थांबून त्या डॉल्बी नावाच्या सज्जनाबद्दल चार शब्द लिहिले पाहिजेत. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर. साठीच्या दशकात तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून काही काळ चक्क भारतात होता. इथून परत जाऊन १९६५ साली त्यानं लंडनमध्ये आपली कंपनी काढली. त्याचा पहिला मोठा शोध कोणता, तर टेपवर गाण्यामागे जी सुऽऽ अशी खरखर येते, ती कमी करण्याचा. जुन्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी' असं बटण असायचं, ते दाबलं की खरखर दबायची. म्हणजे या माणसानं आयुष्याची सुरुवात गोंगाट कमी करण्यापासून केली. आणि आमच्या महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे काय, तर मिरवणुकीत ट्रकवर रचलेली ती स्पीकरांची भिंत, जी जवळून गेली की छातीतलं काळीज आणि खिडकीतली काच एकाच तालात हलतात. नावाची इतकी विटंबना कुणाच्याही वाट्याला येऊ नये. मुख्याध्यापकांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रात्री दहानंतर बंद ठेवाल ना?"

मग एका शनिवारी पुतण्या, आमची ही आणि मी असे तिघे लॅमिंग्टन रोडला गेलो. त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण आमच्या पिढीला तिथे काहीही विकत घ्यायचं तर लॅमिंग्टन रोडच लागतो. पहिल्याच दुकानात मी तज्ज्ञासारखा विचारलं, "किती वॅटचा?" कारण एकेकाळी आपल्याकडे वॅटांचा सुकाळ झाला होता. दोन हातांत मावणाऱ्या म्युझिक सिस्टीमवर '१२०० वॅट पीएमपीओ' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असायचं. बाराशे वॅट म्हणजे जवळजवळ इस्त्री. ही पीएमपीओ म्हणजे मुलीच्या लग्नात मुलाकडचे सांगतात तसली मिळकत. एका क्षणी, सगळे ग्रह अनुकूल असताना, कधीकाळी होऊ शकेल अशी.

पुतण्यानं मला बाजूला घेतलं. "काका, वॅट विचारू नका. पन्नासाचे शंभर वॅट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरात आपण नेहमीच्या आवाजात ऐकतो, तेव्हा एखाद-दुसरा वॅटच खर्च होत असतो. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी विचारा. तेवढ्याच विजेत स्पीकर किती बोलतो ते. सत्याऐंशी डेसिबलवाल्यापेक्षा नव्वदवाल्याला निम्मीच वीज पुरते."

म्हणजे थोडक्यात, स्पीकरांतही दोन जाती. एक थोडक्यात बोलका होणारा आणि दुसरा दहादा विनवल्याशिवाय तोंड न उघडणारा. मी हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय?"

दोन दुकानं टाळून आम्ही तिसऱ्यात शिरलो. तिथे गालिचा, सोफा आणि थंडगार हवा होती. विक्रेता टाय लावून आला आणि म्हणाला, "म्युझिक की होम थिएटर, सर?" मी म्हटलं, "दोन्ही." त्याचा चेहरा किंचित पडला. स्थळ बघायला आलेल्यानं मुलगी डॉक्टरही हवी आणि पुरणपोळ्याही करणारी हवी म्हटल्यावर पडावा तसा.

त्यानं आधी 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं. जगातल्या कुठल्याही स्पीकरच्या दुकानात शिरलं की हे गाणं लागतं, असं पुतण्याचं म्हणणं. मग 'जुरासिक पार्क' लावला. डायनोसॉर आला. सोफा हलला. आमच्या हिनं पर्स छातीशी धरली. विक्रेता विजयी मुद्रेनं म्हणाला, "सर, याचा ट्वीटर तीस हजार हर्ट्झपर्यंत जातो!" मी मान डोलावली. माणसाचा कान तरुणपणी, अगदी उत्तम असला तरी, वीस हजारांपर्यंत ऐकतो हे मला माहीत होतं. वरचे दहा हजार कोणासाठी होते कोण जाणे. इमारतीतल्या कुत्र्यासाठी असावेत.

"आता माझं लावा," मी म्हटलं आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला.

त्यात माझे वडील होते. १९७२ च्या दिवाळीत, पहाटे, त्यांच्या एका मित्रानं आपला स्पूलचा टेपरेकॉर्डर आमच्या घरी आणला होता आणि वडिलांचा भैरव टेप केला होता. वडील गवई नव्हते, कारकून होते. पण काळी एकमध्ये तंबोरा लावून रोज पहाटे तास-दीड तास बसायचे. तो स्पूल आम्ही आधी कॅसेटवर नेला, नंतर पुतण्यानं मूळ स्पूलवरून तो काँप्युटरवर घेतला. टू-इन-वन, वॉकमन, मोबाइल, अशा सगळ्या यंत्रांवर मी तो ऐकला होता. वडील प्रत्येक वेळी थोडे सर्दी झाल्यासारखे वाटायचे.

विक्रेत्यानं आधी टेबलावरच्या छोट्या, बुकशेल्फ म्हणतात तशा स्पीकरांवर लावलं. छान होतं. स्वच्छ होतं. मग उभ्या जोडीवर लावलं आणि मी सोफ्यावर ताठ झालो. खाली खर्ज होता. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज म्हणजे सुमारे एकोणसत्तर हर्ट्झ. छोट्या यंत्राला तो सूर काढताच येत नाही. आपला मेंदू मोठा मनकवडा, वरच्या सुरांवरून तो खालच्याचा अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटतं खर्ज ऐकला. म्हणजे पन्नास वर्षं मी वडिलांचा खर्ज अंदाजानंच ऐकत होतो. आज तो जमिनीवरून चालत येऊन पायाला लागला. लहानपणी वडिलांच्या मांडीला टेकून बसलं की तंबोऱ्याचा भोपळा पाठीत घुमायचा, अगदी तसा.

मी काही बोललो नाही. आमच्या हिनं विक्रेत्याला विचारलं, "कितीला दिले?"

किंमत होती एक लाख वीस हजार. पण त्याआधी पुतण्यानं आणखी एक बॉम्ब टाकला. म्हणाला, "काका, एक लक्षात घ्या. सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. सेंटर म्हणतात तो."

"मग या दोन खांबांतून काय येतं?"

"घोडे, बॉम्ब आणि पार्श्वसंगीत."

म्हणजे ज्या "काय म्हणाला तो?" साठी हा खटाटोप, तो या लाखभराच्या जोडीत नव्हताच! पुतण्यानं तोड सांगितली. मधला स्पीकर नसेल तर यंत्र संवाद दोन्ही खांबांत सारखे वाटून देतं आणि बरोबर मध्यावर बसणाऱ्याला ते मधूनच आल्यासारखे वाटतात. "पण मध्यावर बसणाऱ्यालाच हं." आणि मध्य एकच असतो. एका दिवाणाला एक. संसारात माणसं दोन असतात, हे दोन स्पीकरांची योजना करणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. मधला स्पीकर म्हणजे या प्रश्नावरची तडजोड. तो घेतला की कडेच्या खुर्चीवाल्यालाही नायक पडद्यातूनच बोलतोय असं वाटतं. फक्त तो त्याच कंपनीचा, त्याच घराण्याचा हवा. नाहीतर मोटार डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलतं.

"गाणं आणि सिनेमा, दोन्हींना चालेल असा निवडायचा कसा?" मी शेवटचं विचारलं.

"गाण्यावर निवडा. माणसाचा आवाज ज्यात खरा वाटतो तो घ्या. सिनेमाला लागणारा धडाडधूम खालचा आवाज पुढेमागे सबवूफरवर सोपवता येतो. ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे. पण ज्याचा गळाच बिघडलाय, त्याला नंतर दुरुस्त करता येत नाही."

मला पटलं. ज्याला गाता येतं त्याला बोलता येतंच. उलट मात्र खरं नाही, हे आपण हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांतून अनुभवलेलं असतं. आम्ही जोडी घेतली, मधला घेतला, आणि सबवूफर वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांचा विचार करून सोडून दिला.

स्पीकर घरी आले आणि पहिल्या दिवशी वडिलांचा आवाज पिंपात तोंड घातल्यासारखा आला. दुकानातले वडील दुकानातच राहिले होते. कारण खोलीलाही स्वतःचा सूर असतो. आमची चौदा फुटांची खोली साधारण चाळीस हर्ट्झला घुमते, आणि मी तर स्पीकर अगदी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, शाळेत शिक्षा दिल्यासारखे उभे केले होते. त्यामुळे खालचे सगळेच सूर फुगले होते. पुतण्याच्या सांगण्यावरून ते दीड-दोन फूट पुढे आणले, तोंडं जराशी आत वळवली. पिंपातला वडिलांचा आवाज बाहेर आला. रबराच्या झाडाचा पिंप गॅलरीत गेला. तरी टाळी वाजवली की खोली टणटण उत्तर द्यायची. कंपन्या त्यासाठी भिंतीला लावायचे कापडी तक्ते विकतात. त्यांची किंमत ऐकून ही आत गेली आणि माझ्या आईनं शिवलेली जुनी गोधडी घेऊन आली. मागच्या भिंतीवर ती टांगली. टाळी वाजवली. टणटण गेली. आईनं शिवताना ध्वनिशास्त्राचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण जुनी माणसं काही फुकट शिवत नसत.

मग रविवारी संध्याकाळी 'शोले' लावला. मध्यभागी मी, खुर्चीवर ही. गाडी आली, घोडे आले. डावीकडून आले, उजवीकडे गेले, मुख्याध्यापकांनी वरून एकदाच पाय आपटला. आणि तो क्षण आला. अमिताभनं नाणं उडवलं. मी श्वास रोखला. नाणं वर गेलं, खाली आलं.

"आवाज गेला वाटतं," मी म्हटलं. "वायर निघाली का बघ."

"कुठे? पडलं की खणखणत," ही म्हणाली.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. नाणं मला दिसलं. ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा लावलं. ही माझ्याकडे बघत होती. मग तिनं सिनेमा थांबवला आणि वडिलांची टेप लावली. एका जागी बोट वर केलं. "इथे. इथे सासूबाईंच्या बांगड्या वाजतात. ताटं मांडतायत बहुतेक. पहिल्या दिवशीच मी ऐकलं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

टेपमध्ये आईच्या बांगड्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. छोट्या यंत्रांवर त्या कधी नीट आल्याच नसाव्यात. आणि ज्या दिवशी त्या येण्याइतके स्पीकर मी आणले, त्या दिवशी माझे कान उरले नव्हते. तीस हजार हर्ट्झचा ट्वीटर घेऊन मी तिथे बसलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका बंद खोलीत बसवून त्यांनी कानात बारीक बारीक पिपाण्या वाजवल्या आणि कागदावर आलेख काढला. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. डावीकडे रेघ छान सरळ होती आणि दोन हजारांच्या पुढे ती खंडाळ्याच्या घाटासारखी जी उतरली, ती कर्जतलाच थांबली. डॉक्टर म्हणाले, "वयानं होतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि अशक्त, ती आधी जातात. म्हणून ऐकू येतं, पण कळत नाही. तुम्हाला बायको तोंडातल्या तोंडात बोलते असं वाटतं का?"

मी हिच्याकडे बघितलं नाही. तीही छताकडे बघत होती. तिचे उपकार आहेत.

आता कानामागे दोन यंत्रं आहेत, राजम्याच्या दाण्याएवढी. कानात जाणाऱ्या त्यांच्या चिमुकल्या स्पीकरला म्हणे 'रिसीव्हर' म्हणतात. हॉलमधल्या त्या पेटाऱ्यालाही रिसीव्हरच म्हणतात. साडेतीन फुटी स्पीकर घ्यायला मला पन्नास वर्षं लागली, पण हे दाण्याएवढे घ्यायला जी हिंमत लागली ती त्याहून मोठी होती. पहिले काही दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रे पडल्यासारखा आवाज यायचा. गाण्यासाठी त्यात वेगळी व्यवस्था करून घ्यावी लागली, कारण ती यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली, तंबोऱ्याला ती शिट्टी समजत होती.

ते जमल्यावर एका पहाटे मी टेप लावली. ही खुर्चीवरून उठली आणि मला म्हणाली, "मध्ये सरका." दोघंही मध्यात बसलो. म्हणजे मध्य दोघांत वाटून घेतला. खर्ज आला, वडील आले, अंतरा संपला, आणि त्या मोकळ्या जागेत अगदी बारीक किणकिण झाली. एकदा. परत एकदा. मग ताट ठेवल्याचा आवाज.

"आलं?" हिनं विचारलं.

मी मान हलवली. बोललो असतो तर पुढचा भैरव बुडाला असता.

टेप संपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. आतून, डबे हलवता हलवता, अगदी हळू, मुद्दाम परीक्षा घेतल्यासारखी ती म्हणाली, "शेव संपलीय."

मी पिशवी घेतली आणि निघालो. पासबुक घरीच ठेवलं.